माझा राहिलेला ओवसा

परवा दुपारी लिफ्टचं दार उघडलं आणि आधी वास बाहेर आला, मग नातू. ओल्या बांबूचा वास. दोन्ही हातांत नवी सुपं, एकात एक बसवलेली, वर सुतळीची गाठ, आणि काखेत तेरड्याची जुडी, मुळांना माती तशीच. त्याच्याबरोबर लिफ्टमध्ये वरच्या मजल्यावरची एक बाई होती, तिने नाकापुढे हात धरला होता. तिला वाटलं असेल काहीतरी कुजलं. टॉवरात राहणाऱ्यांना ओल्या गोष्टींची सवय राहिलेली नाही. मी दाराशी उभीच होते. तो वास नाकात गेला आणि मला पहिल्यांदा काय वाटलं ते सांगते, कारण ह्या वयात चांगलं दिसण्यासाठी लिहायचं काही कारण नाही. मला आनंद झाला नाही. मला हेवा वाटला. एका घरात एवढी सुपं एकदम येतात ती पाखडायला नव्हे, नव्या सुनेच्या ओवशाला. आणि ती नवी सून मी नव्हते.

ज्यांच्याकडे ही रीत नाही त्यांच्यासाठी सांगते. आम्ही कोकणातली माणसं. भाद्रपदात गणपतीच्या मागोमाग गौर येते, माहेरवाशिणीसारखी, दोन दिवस राहायला. लग्न होऊन घरात आलेली सून त्या गौरीपुढे सुपं भरते. पानं, फळं, नारळ, खण असं सगळं सुपात मांडते, गौरीवरून ओवाळते आणि मग एकेक सूप घरातल्या मोठ्यांच्या हाती देऊन पाया पडते. ह्याला ओवसा म्हणायचं. मोठी माणसं तिला परत काहीबाही घालतात. कुणी साडी, कुणी सोन्याचा मणी. गावाकडे एखादा हौशी सासरा आंब्याचं झाड सुनेच्या नावाचं म्हणून दाखवायचा. पण खरी गोष्ट देण्याघेण्याची नाही. ओवसा झाला म्हणजे ती बाई त्या घरची झाली, गौरीने तिला ओळखलं. तोवर ती आलेली असते, राहते, राबते, एवढंच.

आता ह्यातली मेख. ओवसा मनाला येईल त्या साली होत नाही. आमच्या घरची रीत अशी की ज्या साली गौर पूर्वा नक्षत्रावर येते त्याच साली नव्या सुनेचा ओवसा. शास्त्र मला विचारू नका, मी चौथी शिकलेली बाई आहे. गावी भट सांगायचा, मुंबईत भिंतीवरचं कॅलेंडर सांगायला लागलं. कधी पूर्वा लागोपाठ येते, कधी येतच नाही, आणि मधल्या सालांत लग्न झालेल्या सुना गौरीपुढे नुसतं हळदकुंकू वाहून मागे सरतात. इंग्रजी तारीख सगळ्यांना सारखी असते. ती आली की सगळ्यांच्या घरी येते, गरिबाच्या, श्रीमंताच्या, विधवेच्यासुद्धा. आपलं पंचांग तसं नाही. ते माणूस बघून दिवस वाटतं. माझाच जन्म बघा. आई म्हणायची माघातला, अंधाऱ्या पंधरवड्यातला, आणि शाळेत मास्तरांनी सगळ्या पोरांसारखी माझीही एक जून लावली. एक जूनबद्दल मला कधी काही वाटलं नाही, ती कुणाचीच नव्हती. ज्या दिवसांवर माणसाचं नाव असतं तेच दिवस डाचतात.

माझा ओवसा झालेला नाही.

मी लग्न होऊन लालबागच्या चाळीत आले तेव्हा गावचं घर भावकीत गेलेलं होतं, म्हणून आमचे गणपती आणि गौर त्या एका खोलीतच यायचे. विहीर कुठली असणार, सवाष्णी चाळीच्या नळावरून गौर आणायच्या. तेरड्याची जुडी सुपात घालून, तोंडात पाण्याची चूळ धरून, मुक्याने, जिन्याने वर. नळावर रांग लावलेल्या बाया तेवढ्यापुरत्या बादल्या मागे घ्यायच्या. पहिल्या साली गौर पूर्वात आली नाही. सासूबाई म्हणाल्या, असू दे, पुढल्या साली बघू. पुढल्या सालीही आली नाही. तिसऱ्या साली आली. त्याच वैशाखात माझ्या धाकट्या दिराचं लग्न झालं होतं आणि घरात जाऊ आली होती, डिलाईल रोडची, चाळीतच जन्मलेली, नळावर कुणाला हार न जाणारी. सासूबाईंना आनंद झाला, दोन सुनांचा ओवसा एका दिवशी उरकणार. मी तीन वर्षं थांबलेली, ती तीन महिन्यांपूर्वी आलेली, आणि दोघींचा दिवस एकच. तेव्हाच माझ्या पोटात दुखलं होतं. तरी म्हटलं, चला, मिळतंय ना.

मी तेव्हा पोटुशी होते. अनंत चतुर्दशीच्या सुमाराला होईल असं सगळ्या धरून होत्या. पोरगा आला नारळी पौर्णिमेला. सकाळी सासरे वरळी कोळीवाड्यात मासळीवाल्या ओळखीच्याकडे नारळ घेऊन गेले होते, संध्याकाळी परत आले तर घरात नातू. चाळीत पेढे वाटले. घराची सोयर गणपतीच्या आत फिटली, पण बाळंतिणीचा सव्वा महिना काही फिटला नव्हता. सव्वा महिना बाईने देवाच्या वस्तूला शिवायचं नाही. गॅलरीच्या पलीकडे समोरासमोर खोली होती, तिथल्या मावशींनी मला जागा दिली, म्हणजे आमच्या खोलीत गौर बसवता येईल. गौरीपूजनाच्या दिवशी मी त्या परक्या उंबऱ्याच्या आत बाज ओढून बसले, मांडीवर पोरगा, डोक्याला फडकं, आणि समोर आमच्या दारातून सगळं दिसत होतं, सासूबाईंचं बोलणंही ऐकू येत होतं. जावेने हिरवी साडी नेसली होती. ती साडी तिच्यासाठी आणि तशीच एक माझ्यासाठी आणलेली होती. माझी ट्रंकेत. खोलीत बाया दाटल्या होत्या, पण मधे फट ठेवून बसल्यासारख्या बसल्या होत्या, मला नेमकं दिसावं म्हणून की काय. मी पापणी लवू दिली नाही. पोरगा रडला तरी त्याच्याकडे बघितलं नाही, नुसता थोपटत राहिले.

नंतर सगळ्या बाया माझ्याकडे आल्या आणि सगळ्यांनी एकच सांगितलं: तुला पोरगा झाला, आणखी काय हवं. ओवसा काय, पुढल्या पूर्वाला. मी मान हलवली. पण मनात म्हटलं, पोरगा तर जावेलाही होईल. आणि झालेही, दोन. ओवसा मात्र ती माझ्या आधी घेऊन गेली. मी थोरली, पण गौरीच्या हिशेबात ती थोरली झाली. जाऊ त्या दिवशी संध्याकाळी माझ्यासाठी ताट घेऊन आली. आमची गौर तिखटाची, तिला वडे-सागोती लागते, पण बाळंतिणीला मटण कसं चालेल, म्हणून माझ्या ताटात नुसता मऊ भात. ती ताट ठेवून माझ्या शेजारी बसली आणि पोराच्या मुठी उघडून बघत राहिली. मी तिच्याशी बोलले नाही. तिला ते कळलं नाही. ती कधीच अशा गोष्टी कळणाऱ्यातली नव्हती, आणि हेही मला तिच्याबद्दल खुपायचं.

पुढली पूर्वा आली त्या श्रावणात सासरे गेले. सुतकाच्या घरात गणपती नाही, गौर नाही. भिंतीवरच्या कॅलेंडरात तो चौकोन मला दिसायचा, त्यात बारीक अक्षरात पूर्वा लिहिलेलं, आणि मी त्याच भिंतीशी बसून तांदूळ निवडत होते. त्याच्या पुढली आली तेव्हा माझा नवरा जाऊन वर्ष उलटलं होतं. त्यानंतर पूर्वा येवो न येवो, मला काय. विधवेचा ओवसा नसतो.

नवरा गेला की माणूस जातं हे सगळ्यांना दिसतं. कॅलेंडरातून किती दिवस जातात ते कुणाला दिसत नाही. वटपौर्णिमा गेली. संक्रांतीचं हळदीकुंकू गेलं. म्हणजे तिळगूळ मिळतो, पण मुलाच्या हातून पाठवतात. चैत्रातली कैरीची डाळ घरोघरी होते, मला वाटीत झाकून यायची. नवरात्रात ओटी नाही. कॅलेंडर तेच, पानं तेवढीच, पण त्यातले चौकोन माझ्यासाठी रिकामे होत गेले आणि शेवटी उरले उपास. एकादशीला मात्र कुणी विधवेला मागे सर म्हणत नाही. दीर तोवर सरकारी नोकरीत लागला होता आणि तो आणि जाऊ अँटॉप हिलच्या सरकारी वसाहतीत राहायला गेली होती. तिचे चौकोन भरलेलेच. दीर अजून आहे. कानाने ठार, गुडघ्याने अर्धा, पण आहे, आणि तो आहे म्हणून ती सणाच्या दिवशी हातभर हिरव्या बांगड्या घालून येते, आणि ती दारात आली की घरातल्या सगळ्या बाया उठून तिला पाट देतात. मी तिच्याहून मोठी. मला खुर्ची देतात. पाट आणि खुर्ची ह्यातला फरक तुमच्यातल्या ज्या बायका ह्यातून गेल्या असतील त्यांना सांगायला नको.

चाळ पडली, तिथेच टॉवर झाला, आम्हाला त्यात वरची जागा मिळाली. माझी सून काही वर्षांपूर्वी आजारात गेली. चांगली होती. तिचा ओवसा झाला तेव्हा सासूबाई होत्या आणि त्यांनी कुणाला हात लावू दिला नव्हता, मी स्वयंपाकघरात वडे तळत होते. आता घरात मुलगा, नातू आणि मी. त्यात गेल्या मार्गशीर्षात नातसून आली, दादरची. तिच्या माहेरची माणसं पिढ्यान्‌पिढ्या कचेरीत लिहिणारी, त्यांच्याकडे पितळी मुखवट्यांच्या गौरी उभ्या करतात आणि पुरणपोळी दाखवतात. आमची गौर मटण खाते हे ऐकून तिच्या आईने फोनवर दोनदा विचारून खात्री केली. पोरगी मात्र हसली आणि म्हणाली, बरं झालं, माझी आणि गौरीची आवड एक आहे. ती कुठल्याशा कंपनीत आहे, सकाळी निघते ती दिवेलागणीला येते. घरात डाळीचा डबा कुठे असतो हे अजून विचारते. आणि हिच्यासाठी पहिल्याच भाद्रपदात गौर पूर्वात येऊन उभी राहिली. तीन वर्षं थांबणं नाही, हिला माहीतही नव्हतं की अशा कशाची वाट बघायची असते. मुलाने कॅलेंडर बघून सांगितलं तेव्हा ती म्हणाली, छान, मग मी रजा टाकते.

त्या दिवशी तिने मला विचारलं, आजी, तुमच्या वेळचा एखादा फोटो आहे का ओवशाचा, म्हणजे मला अंदाज येईल. मी नाही म्हटलं. फोटो नाही असा तिने अर्थ घेतला. मुलाला माहीत होतं, तो घाईने म्हणाला, "काकीला बोलावू. तिचा झालाय, तिला सगळं माहीत आहे."

त्याचं चुकलं नव्हतं. नव्या सुनेच्या मागे ओवशाला उभी राहते ती सवाष्ण हवी आणि तिचा स्वतःचा ओवसा झालेला हवा. ही रीत आहे. पण माझ्या घरात, माझ्या नातवाच्या बायकोच्या मागे, माझी धाकटी जाऊ उभी राहणार आणि तिला सांगणार हे असं, ते तसं. आणि मी खुर्चीत. माझ्या मुलाच्या तोंडून ते आलं, ज्याच्या पायी माझा ओवसा राहिला त्याच्या. तो म्हणतो, आई, तू मनाला लावून घेतेस. लावून घेत नाही. ते लागलेलंच आहे.

गौरीपूजनाच्या दिवशी जाऊ सकाळीच आली. लालबागचे रस्ते त्या दिवसांत गर्दीने बंद असतात, टॅक्सी परळला सोडून दोघं पायी आली. दीर येताच सोफ्यावर टेकला आणि त्याने सगळ्यांना मोठ्याने सांगितलं की गर्दी आहे. जाऊ घामाघूम झाली होती, पण बांगड्या किणकिणत होत्या. तिने नातसुनेच्या गालावरून हात फिरवला, कडाकडा बोटं मोडली, आणि मग माझ्याकडे बघून म्हणाली, बाय, बारीक झालीस गो. ती अजून मला बाय म्हणते, थोरली म्हणून. मी म्हटलं, तू नाही झालीस. ती हसली. तिला टोमणा लागतच नाही, ह्यासारखा वैताग नाही.

नातसुनेने हिरवी साडी नेसली होती, त्यावर आईची मोत्यांची चिंचपेटी; आई आणि मजल्यावरच्या काही बायकाही आल्या होत्या. चांगली दिसत होती. दिसायला हवीच होती. सुपं धुऊन, हळदीकुंकवाची बोटं ओढून, सूत गुंडाळून तयार होती. मी मधल्या दाराशी खुर्चीवर बसले. तिथे बस असं मला कुणी सांगितलं नव्हतं. कुणी सांगायची वेळ येऊ नये म्हणून मी आपणच बसले होते. जावेने पाट मांडला, मागे उभी राहिली आणि म्हणाली, हां, आता पानं घाल. पोरीने विचारलं, कुठली आधी, हळदीची की शिराळ्याची? जाऊ जरा थांबली. मग म्हणाली, घाल कसली पण. पोरीने शिराळ्याची घातली. मग नारळ आधी की काकडी आधी, तेव्हा जावेने माझ्या दिराकडे बघितलं, जणू त्या ठार बहिऱ्याला माहीत असेल. म्हणाली, बसेल तसं ठेव गो, गौर काय बघत नाही. मला खुर्चीत बसवेना. हळदीचं पान खाली लागतं, त्यावर शिराळ्याचं, मग तांदळाची मूठ, नारळाची शेंडी गौरीकडे. हे मला कुणी कधी शिकवलं नव्हतं. ते मला दिसत होतं, समोरच्या दारातून, बायांच्या मधल्या फटीतून.

मग पोरीने पहिलं सूप उचललं. जसं कुणीही उचलेल तसं, तोंड पुढे, गौरीकडे, पाखडायला घेतात तसं. जाऊ मागे उभी होती, तिने काही म्हटलं नाही. पोरगी ओवाळायला लागणार एवढ्यात मी माझ्या मनाशी झटकन एक गोष्ट बोलले, आणि तीही लिहिते. मी म्हटलं, होऊ दे. चुकू दे. हिला कळणार नाही, हिच्या नवऱ्याला कळणार नाही, जावेला तर कळतच नाहीये. ह्या घरातला हा ओवसाही राहू दे, नुसता दिसायला झालेला. असं एक क्षण मला फार बरं वाटलं. पण तो क्षण सरला, आणि बरं वाटण्याच्या जागी राग आला. तो पोरीचा नव्हता. जावेचा. एवढं हातात मिळालेलं असून हिने ते असं सांडून टाकावं, ह्याचा. मला मिळालं असतं तर मी सांडलं नसतं.

"सूप फिरव," मी म्हटलं. "तोंड आपल्याकडे घे. पाखडताना बाहेर, ओवसताना आपल्याकडे. गौर जे घालील ते पोटाशी यायला हवं."

पोरीने सूप फिरवलं. सगळे माझ्याकडे बघायला लागले. पोरगी म्हणाली, आजी, तुम्हीच इकडे या ना, मागे उभ्या राहा. मी म्हटलं, मला इथून दिसतंय. आणि मग इथूनच सांगितलं. ओवाळायचं कसं, उजवीकडून की डावीकडून. सूप खाली टेकवायचं नाही, हातातच धरून वळायचं. पहिलं सूप गौरीपाशी ठेवायचं, दुसरं घरातल्या सवाष्णीला, आणि शेवटचं आईच्या ओटीत, कारण माहेरचं देणं शेवटी फिटतं. पाया पडताना पदर दातात धरायचा नाही, हातात धरायचा. सासूबाई जे जे बोलल्या होत्या ते माझ्या तोंडून येत होतं, त्यांच्या ठसक्यातसुद्धा. मी चार वर्षांत पाढे जेमतेम पाठ केले होते आणि पुढे विसरले. हे एका दुपारी पाठ झालं होतं आणि एक अक्षर हललं नव्हतं. पोरगी शहाणी, एकदा सांगितलं की करत होती. दुसरं सूप तिने जावेच्या हाती दिलं. जावेने ते छातीशी धरलं आणि माझ्याकडे वळली.

"तुला कसं गो म्हायती, बाय? तू तर भायेर बसलेलीस."

"म्हणूनच," मी म्हटलं.

ह्याचा अर्थ तिला लागला की नाही, सांगता येणार नाही. पण ती हलली, एवढं दिसलं. तिने सूप मांडीवर घेतलं, पाटावर बसली आणि पोरीशी नव्हे, माझ्याशी बोलायला लागली. म्हणाली, "मला खरंच काय बी आठवत नाय. मला त्या दिवसाचं एकच आठवतंय, नथ टोचत होती. उसनी नथ होती ना, तार बारीक. डोळ्यांत पाणी येत होतं. सासूबाई बोलत होत्या तसे मी हात हलवले, आणि मनात एकच, कधी संपतंय आणि कधी नथ काढते." मग म्हणाली, बोलावलंत म्हणून आले, वाटलं इथं आल्यावर आठवेल. आणि हसली, लाजल्यासारखी. तिला म्हातारपणाने विसर पडला म्हणावं तर सगळ्या नातवंडांचे वाढदिवस तिथीने आणि तारखेने तिला पाठ आहेत. हे विसरलेलं नव्हतं. हे तिने कधी घेतलंच नव्हतं.

तिच्या बोलण्याने खोलीतल्या बायका हसल्या, तीही हसली, आणि ओवसा पुढे झाला. शेवटचं सूप ओटीत घेताना पोरीच्या आईला रडू आलं, पोरीला आलं नाही. त्याआधी तिने एक सूप माझ्याकडे आणलं, घरातली मोठी म्हणून, आणि मी ते घेतलं, आणि तिला जे द्यायचं ठेवलं होतं ते दिलं. सूप जड होतं. मला वाटलं होतं त्याहून जड. इतक्या वर्षांत मला हे कळलं नव्हतं, कारण लांबून बघितलेल्या गोष्टीला वजन नसतं. बाकी सगळं दिसतं, ते दिसत नाही. जेवणं झाली. दिराने सागोती दोनदा घेतली आणि मोठ्याने सांगितलं की तिखट आहे.

तेव्हापासून मी हेच धरून बसले आहे. सगळं आयुष्य ज्या एका दुपारचा मी हेवा केला, ती दुपार माझ्या जावेकडे नाही. तिच्याकडे एक टोचणारी नथ आहे. अख्खी दुपार माझ्याकडे आहे, पानांच्या क्रमासकट. आता कुणी म्हणेल, मग मिळालं कुणाला? मोठी माणसं असं काही म्हणायला टपलेलीच असतात, म्हणजे दुसऱ्याचं दुःख गोड करून त्याच्या हातात देता येतं. पण मला फसवून घ्यायचं नाही. ओवसा तिचाच झाला. मी जे पाठ केलं ते तिच्या सणाचं होतं, माझ्या नव्हे. पोटभर जेवलेला माणूस काय जेवला ते संध्याकाळी विसरतो. उपाशी माणूस दुसऱ्याच्या ताटात काय काय होतं ते मरेपर्यंत सांगू शकतो. ह्यात उपाशी माणसाला काही मिळालं असं होत नाही.

नातसूनही विसरेल. कामाला जाते, डोक्याला शंभर व्याप, पुढे मुलं होतील. उद्या कुणी तिला विचारलं तर म्हणेल, साडी घसरत होती, आजी खुर्चीतून ओरडत होती. असंच व्हायला हवं. ज्यांचे दिवस वेळेवर येतात त्यांना ते सांभाळून ठेवावे लागत नाहीत. सरताना ते आपले आपण सरून जातात, मागे काही न ठेवता, आणि बाई पुढच्या दिवसाला मोकळी. मी जावेला दारापर्यंत सोडायला गेले तेव्हा ती लिफ्टमध्ये उभी राहून पोरीने दिलेल्या सुपातली काकडी दिराला दाखवत होती, ओवशाचं काही तिच्या चेहऱ्यावर उरलेलं नव्हतं, आणि लिफ्टचं दार मिटताना मला पुन्हा हेवा वाटला. त्या दिवसाचा नव्हे. तिला तो विसरता आला, त्याचा.